अकरा किलोची पकड

लाताइ आत्याचं वजन मीच करायचे. दहा महिने, दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, दवाखान्याच्या ओसरीवर. काटा खाली आला की तिच्या कार्डावर हिरव्या पेनानं आकडा लिहायचे आणि त्याच्याभोवती गोल काढायचे. ते कार्ड अजून माझ्याकडे आहे. फाडावं म्हणून दोनदा हातात घेतलं, दोन्ही वेळा परत खणात ठेवलं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमच्या बेटांवर बापाच्या बहिणीचा मान बापाहून मोठा. लग्न असो की मयत, सगळ्यांत वरची जागा तिची, डुकराच्या पाठीचा वाटा तिचा, सगळ्यांत बारीक विणीची चटई तिच्यापुढे ठेवायची. ती नाराज झाली तर भावाच्या पोरांचं भलं होत नाही, हे आम्ही भावंडं बोलायला शिकायच्या आधी शिकलो होतो. तिच्या दारात पाऊल ठेवताना आपोआप आवाज खाली यायचा. नवरा मासेमारीच्या बोटीवर गेला तो परत आला नाही, तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. मूल नव्हतं. दुसरं लग्न तिनं केलं नाही. साली ठोकून जगली.

आमच्या फंगालोतो गावात बायका सालीचं कापड करतात. तुतीची साल भिजवायची, ओंडक्यावर ठेवून लाकडी मोगरीनं ठोकत बसायचं. चार बोटं रुंदीची पट्टी ठोकून ठोकून हातभर रुंद होते. एका ओंडक्यावर चौघी बसतात आणि चौघींचे ठोके एकात एक बसावे लागतात, नाहीतर साल फाटते. आत्याचा ठोका मला शाळेतून येताना वळणावरूनच ओळखू यायचा. उजवा हात थकला की मोगरी डाव्या हातात घ्यायची, पण ताल हलायचा नाही. तिचं मनगट माझ्या वडिलांच्या मनगटाएवढं होतं. एकदा दावं तोडून पळालेली डुकरीण तिनं मागच्या दोन पायांना धरून ओढत आणली होती, आणि येता येता शेजारणीशी पावाच्या किमतीबद्दल बोलत होती.

ती जाडही होती. एकशे अठरा किलो. आमच्याकडे त्यात काही विशेष नाही.

सदुसष्टाव्या वर्षी तिला साखर निघाली. मोठ्या बेटावरून वर्षातून दोनदा डॉक्टर यायचे, त्यांनी सांगितलं की वजन उतरवा, नाहीतर पाय जाईल. गावात तोवर दोघांचे पाय कापले गेले होते, त्यामुळे हे काही लांबचं बोलणं नव्हतं. त्याच सुमारास पाद्री हाउफानोंनी चर्चमध्ये वजन उतरवायची स्पर्धा जाहीर केली. दहा महिन्यांत जो सगळ्यांत जास्त किलो कमी करेल त्याला पहिलं बक्षीस. वजनं करायचं काम दवाखान्याचं, म्हणजे माझं. गावात नर्स मी एकटीच.

सभेत कुणी नाव देईना. सगळे एकमेकांच्या पोटाकडे बघून हसत होते. तेव्हा आत्या उठली आणि म्हणाली, माझ्यापासून सुरुवात करा. ती उठल्यावर मग तीस-बत्तीस जणांनी हात वर केले. घराण्यातली वरच्या मानाची बाई पुढे झाली की बाकीच्यांना मागे राहता येत नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच ती उठली होती.

मी तिला एवढंच सांगितलं, "आत्या, कमी खा."

काय कमी खायचं आणि काय अजिबात सोडायचं नाही, हे मी सांगितलं नाही. मला शिकवलेलं होतं. पण दवाखान्यात रोज साठ माणसं येतात, आणि जाड माणूस समोर आला की तोंडातून दोनच शब्द निघतात. तिनं ते दोन शब्द देवाच्या आज्ञेसारखे घेतले. मासे सोडले, अंडं सोडलं, मांस तर सोडलंच. नारळाच्या रसात शिजवलेली अळूची पानं तिचा जीव की प्राण, तीही सोडली. सकाळी पातळ चहा आणि दोन बिस्किटं, दुपारी कोबीचं पाणी, संध्याकाळी पपई. समारंभात तिचा मानाचा वाटा तिच्यापुढे यायचा, तो ती आमच्या पोरांत वाटून टाकायची. माझी तिन्ही मुलं त्या वर्षी तिच्या वाट्याचं मांस खाऊन चांगली गुटगुटीत झाली.

पोटात काही नाही म्हटल्यावर चक्कर यायची. मग ती ओंडक्यापाशी जायची, तासभर ठोकायची आणि बाजूला बसायची. आधी दिवसभर ठोकणारी बाई हळूहळू दिवसभर बसायला लागली. मला वाटलं, बरं झालं, म्हातारपणी जरा आराम करतेय.

दहा महिन्यांत ती सत्तावीस किलो उतरली. साखरही खाली आली, ते काही खोटं नव्हतं. डॉक्टरांनी कौतुकाची चिठ्ठी लिहिली. पहिलं बक्षीस म्हणून तिला एक नवी कोरी ढकलगाडी मिळाली. सगळं चर्च टाळ्या वाजवत होतं. ती व्यासपीठाच्या चार पायऱ्या कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढली. मी पाहिलं. टाळ्या वाजवत पाहिलं.

त्यानंतरचं सगळं इतकं हळू घडलं की कुणाला ते घडणं वाटलंच नाही. बरणीचं झाकण उघडेना म्हणून ती शेजारी घेऊन जायला लागली. टाकीवरून बादली अर्धीच भरून आणायला लागली. चर्चला ती पहिली घंटा झाल्यावर निघायची आणि दुसरीच्या आत पोचायची. आता पहिली व्हायच्या आधीच रस्त्याला लागलेली दिसायची. जुने झगे तिच्या अंगावर लोंबत होते आणि बायका म्हणायच्या, अक्का कशा चवळीच्या शेंगेसारख्या झाल्या. पण चवळीची शेंग ती कुठली. एक्क्याण्णव किलो तर होतीच. पोट होतं, कंबर होती. जे गेलं होतं ते दिसणारं नव्हतं.

दवाखान्यात ती दोनदा आली. म्हणाली, पाय माझं ऐकत नाहीत. मी गुडघे दाबून पाहिले, कार्डावर "गुडघेदुखी, वय" असं लिहिलं आणि गोळ्या दिल्या.

"आत्या, आता अडुसष्ट झालीस. थोडं चालायचंच."

"वय काय एका वर्षात येतं का गं, फीपे?"

मी हसले. मागे रांग उभी होती. दुसऱ्यांदा आली तेव्हाही हेच झालं, फक्त गोळ्या जास्त दिल्या.

त्या पावसाळ्यात माझे वडील गेले. आमच्याकडे मयताच्या उशाशी त्याच्या बहिणीनं बसायचं असतं, जमिनीवर, मांडी घालून, अंगाला मोठ्या फाटक्या चटया गुंडाळून. तिथं तिच्याहून मोठं कुणी नाही. आत्या दुपारी बसली ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हलली नाही. सगळे म्हणत होते, बहीण असावी तर अशी. मग पाद्रींची प्रार्थना संपली, पेटी उचलायला सहा माणसं पुढे आली, आणि आत्यानं उठून जागा द्यायची होती. ती उठली नाही. माणसं थांबली. पाद्रींनी आणखी एक स्तोत्र सुरू केलं. आत्यानं दोन्ही हात चटईवर टेकले आणि जोर लावला. तिचे खांदे थरथरले, ढुंगण वीतभर वर आलं आणि परत खाली बसलं. असं तीनदा झालं. शेवटी माझ्या दोन चुलतभावांनी तिला काखांत हात घालून, पोतं उचलावं तसं उचललं. आमच्याकडे भाच्यांनी आत्याच्या अंगाला हात लावायचा नसतो. ती उभी राहिली तेव्हा खालची चटई ओली होती. रात्रभर उठताच आलं नव्हतं, आणि ते ती कुणाला सांगणार?

मी चटई पटकन गुंडाळली. पण तोआकासेनं पाहिलंच.

तोआकासे म्हणजे कापड करणाऱ्या बायकांच्या मंडळाची प्रमुख. वाईट बाई नाही, पण पोटात काही ठेवत नाही. आठवड्याभरात गावभर झालं की मेलेला भाऊ बहिणीला सोडत नाही, पाय धरून बसलाय. एक म्हातारी येऊन रोज आत्याच्या पायांना तेल चोळायची आणि पाल्याचा रस पाजायची. तीन आठवडे ते चाललं. मी शिकलेली नर्स, मी त्याला हसायचे. पण माझ्याकडे तरी दुसरं काय होतं? त्या म्हातारीनं निदान पायांना हात तरी लावला होता.

मग माझी धाकटी बहीण लुसेआने हिचं लग्न ठरलं. ऑकलंडहून मुलाकडची पन्नास माणसं येणार, म्हणून मोठं कापड करायला घेतलं. लुसेआनेचं लग्न म्हणजे आत्याचंच काम. भाचीला कापड आत्याच्या हातचं हवं. ती काठी टेकत मंडळात गेली आणि नेहमीच्या जागी बसली. तिथं काय झालं ते मला तोआकासेनंच सांगितलं, दवाखान्यात रक्तदाब मोजून घेताना, अर्धं कबुली म्हणून आणि अर्धं तक्रार म्हणून.

तासभर सगळ्यांनी सहन केलं. मग तोआकासे म्हणाली, "अक्का, तुम्ही आता सावलीत बसा. आम्ही ठोकतो, तुम्ही लक्ष ठेवा."

"कशावर?"

"कुठं साल विरतेय, कुठं जाड राहतेय, त्याच्यावर."

"ते तुला दिसत नाही का? डोळे तुझे माझ्याहून दहा वर्षांनी लहान."

तेव्हा पलीकडून एकजण खाली मान घालूनच बोलली, "अक्का, ताल मोडतोय. तुमचा ठोका मागं पडतो आणि आमचे हात अडखळतात. सकाळपासून दोन पट्ट्या फाटल्या."

आणि कुणीतरी मागून म्हणालं, "ढकलगाडी मिळालीय ना, उद्यापासून तिच्यात बसून या."

हसल्या सगळ्या. तोआकासे म्हणाली, मीही हसले, खोटं कशाला बोलू. आत्यानं मोगरी पिशवीत घातली. मग तिला उठायचं होतं. मांडवाच्या खांबाला दोन्ही हातांनी धरून ती उठली, दुसऱ्या खेपेला. तेवढा वेळ सगळ्याजणी सालीकडे बघत बसल्या. त्या दिवसानंतर ती मंडळात गेली नाही आणि बोलवायलाही कुणी आलं नाही.

डॉक्टर पेसेती आमच्याच बेटांचे. फिजीत शिकले, पुढं ऑकलंडला म्हाताऱ्यांच्या वॉर्डात बारा वर्षं काढून परत आले होते. गावोगाव फिरून पासष्टच्या पुढची माणसं तपासायची, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांच्या बॅगेत फार काही नव्हतं. शिंप्याकडची असते तशी टेप, सेकंद मोजायचं घड्याळ आणि मुठीत धरून दाबायचं, पकडीचा जोर किलोत दाखवणारं एक यंत्र. मला वाटलं, एवढ्यावर हे काय तपासणार?

मी आत्याला घेऊन गेले. बाकावर तिच्यासकट आठजण होते. तिचा नंबर आला तेव्हा डॉक्टरांनी वजनकाट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते यंत्र तिच्या हातात दिलं आणि सांगितलं, आजी, जेवढा जोर असेल तेवढ्यानं दाबा. तिनं दाबलं. दोन्ही हातांनी तीन-तीनदा. सगळ्यांत जास्त आकडा आला अकरा.

"हे बिघडलंय," आत्या म्हणाली.

डॉक्टरांनी ते माझ्यापुढे धरलं. मी दाबलं. एकतीस. माझं मनगट आत्याच्या मनगटाच्या निम्मं असेल. बायकांची पकड सोळाच्या खाली गेली की काळजी करायची, असं ते मला म्हणाले.

मग तिला खुर्चीवर बसवलं, हात छातीवर घ्यायला सांगितले आणि हातांचा आधार न घेता पाच वेळा उठून बसायला सांगितलं. पंधरा सेकंदांत व्हायला हवं. ती एकदा उठली. दुसऱ्यांदा अर्ध्यावरून धपकन खाली बसली आणि खुर्ची मागे सरकली. डॉक्टरांनी घड्याळ बंद केलं. चार मीटर चालायला तिला सात सेकंद लागले. शेवटी त्यांनी तिची पोटरी हातात घेतली आणि टाच उचलायला सांगितलं. मला म्हणाले, इथं बोट लावा. मी लावलं. टाच उचलली की पोटरीत गोळा यायला हवा. हाताला नुसतं मऊ लागलं. मी तिच्या गुडघ्यांना कितीदा हात लावला होता. त्याच्या चार बोटं खाली कधी लावला नव्हता.

"जाड माणसात हे कळत नाही," डॉक्टर म्हणाले. "वर चरबी असते, आतलं मांस झिजलेलं दिसत नाही. पक्कं बघायचं तर अंगाचा फोटो काढणारं यंत्र लागतं, ते आपल्याकडे नाही. पण उपचार सुरू करायला एवढं पुरे." मग तिचा लोंबता झगा बघून त्यांनी विचारलं, "वजन एवढं कधी उतरलं?"

मी कार्ड दिलं. त्यांनी दहाही हिरवे गोल पाहिले. शेवटचे दोन शेरेही वाचले, गुडघेदुखी आणि वय.

"हे कुणी लिहिलंय?"

"मी."

"अक्षर छान आहे," ते म्हणाले.

लागावं म्हणून म्हणाले की दुसरं काही बोलवेना म्हणून, हे मला अजून कळलेलं नाही.

त्यांनी आत्याला समजावून सांगितलं. उतारवयात अंगातले स्नायू झिजतातच, पण काहींचे फार वेगानं झिजतात, आणि तो आजार आहे. नुसतं म्हातारपण नाही. त्यात माणूस पोटभर खाईना, हालचाल थांबली, वरून साखर, की वजनाबरोबर चरबी जाते आणि मांसही जातं. सत्तावीस किलोंतलं किती मांस होतं, ते आता कुणी सांगू शकणार नाही. आत्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"याला नाव आहे?"

"आहे, आजी."

"म्हणजे औषधही असेल."

"गोळी नाही. रोज अंडं खायचं, मासा खायचा, मांसही थोडं खायचं. आणि जोराचं काम करायचं. खुर्चीतून उठा, बसा, ओझं उचला. रोज थोडं थोडं वाढवत न्यायचं."

आत्यानं पोटरीवरून झगा खाली ओढला.

"म्हणजे जे मी खात होते ते खायचं, आणि जे करत होते ते करायचं."

"हो."

"मग माझ्याकडून ते काढून कशाला घेतलंत?"

हे ती त्यांच्याकडे बघून बोलली, माझ्याकडे नाही. माझ्याकडे बघून बोलली असती तर बरं झालं असतं. डॉक्टरांनी मान खाली घातली. त्यांचा तर काहीच दोष नव्हता. बाकावर बसलेल्या सातजणांपैकी आणखी तिघांची पकड कमी निघाली. त्यातले दोघे त्याच स्पर्धेतले, आणि त्यांच्याही कार्डांवर हिरवे गोल होते.

त्यानंतर आत्यानं ठरवलं की करायचं. ती हट्टीच होती. सकाळी अंडं, दुपारी मासा. स्वयंपाकघरातली उंच खुर्ची तिनं भिंतीला टेकवून ठेवली आणि त्यावरून उठबस सुरू केली. पाण्यानं भरलेल्या बाटल्या उचलायची. मी रोज संध्याकाळी दवाखाना बंद करून जायचे. ती मला येऊ नको म्हणाली नाही, पण हात धरायला लागले तर हात मागे घ्यायची. मी शेजारी उभी राहून मोजायचे. सहा महिन्यांनी डॉक्टर परत आले तेव्हा ती पाच वेळा उठली, बावीस सेकंदांत. पकड चौदा. डॉक्टर खूश झाले; म्हणाले, या वयात एवढं परत आणणं सोपं नाही. आत्यानं विचारलं, जमिनीवरून कधी उठेन? ते म्हणाले, प्रयत्न करू. आत्याला ते उत्तर पुरेसं कळलं.

त्याच आठवड्यात चर्चच्या दाराशी नवा फलक लागला. यंदा पुन्हा स्पर्धा, आणि फलकावर आत्याचा फोटो, दोन्ही हात ढकलगाडीवर ठेवलेला. मी पाद्री हाउफानोंकडे गेले. सगळं सांगितलं. पासष्टच्या पुढच्यांना स्पर्धेत घेऊ नका, घेतलंच तर वजनाबरोबर पकड मोजू, काय खायचं ते मी प्रत्येकाला लिहून देते. ते सज्जन माणूस आहेत, त्यांनी चहा दिला.

"फीपे, गेल्या वर्षी गावातल्या अकरा जणांची साखर खाली आली. ते वाईट झालं का?"

"नाही. पण आत्या..."

"लाताइबाईंचं वय झालंय, बाळा. प्रत्येक म्हाताऱ्याचे पाय जातात. त्याला स्पर्धा काय करणार?"

हेच वाक्य मी स्वतः दोनदा कार्डावर लिहिलं होतं. पोटभर खा, असं प्रवचनात सांगतो, एवढं त्यांनी कबूल केलं आणि ते पाळलं. निदान तो फोटो तरी उतरवा म्हटलं, तर म्हणाले की लोकांना त्यातून हुरूप येतो. दर रविवारी आत्या त्या फलकापुढून काठी टेकत जायची. तिथून सरळ आत जायला कुणालाही पाच पावलं लागतात. तिला बरीच लागायची, म्हणून तो फोटो तिला सगळ्यांत जास्त वेळ बघावा लागायचा. स्पर्धा झाली. वजनं मीच केली. नाही म्हणाले असते तर दुसऱ्या कुणी केली असती आणि पकड मोजली नसती, असं मी स्वतःला सांगत होते. पासष्टच्या पुढच्या चौघांना मी परत पाठवलं, ते चौघे आजही माझ्यावर रागावलेले आहेत.

मग लुसेआनेचं लग्न आलं. वधूच्या आत्यानं सगळ्यांपुढे जमिनीवर बसायचं, कापडं आणि चटया तिच्यापुढे आणून ठेवायच्या, आणि नवरीनं तिच्या मांडीवर टेकायचं, अशी रीत. आम्ही घरच्यांनी विचार केला की आत्याला खुर्ची देऊ. मी तर खुर्चीला मऊ कापडही लावून ठेवलं होतं. पण समारंभाला सरदारांचे प्रतिनिधी येणार होते आणि ते जमिनीवर बसणार. त्यांच्यापुढे कुणी खुर्चीवर, म्हणजे त्यांच्याहून उंच, बसायचं नसतं. माझ्या थोरल्या काकांनी साफ सांगितलं की घराण्याची लाज जाईल. कुणी म्हणालं, ठोकळा ठेवू. कुणी म्हणालं, दोघं मागं उभे राहतील, संपलं की उचलतील. ते ऐकून आत्या म्हणाली, "मला एकदा उचललंय तेवढं पुरे."

तिनंच आपली धाकटी चुलतबहीण सुचवली. सांगितलं, बरं नाही म्हणून कळवा.

लग्नाच्या दिवशी तिच्या जागी ती चुलतबहीण बसली. लुसेआने तिच्या मांडीवर टेकली आणि रडली. लोक म्हणाले, नवरी आहे, रडणारच. कापड पन्नास हात लांब होतं आणि त्या तासाभराचे सोडले तर त्यात आत्याचा एक ठोका नव्हता. तिचं घर मैदानाच्या पलीकडेच आहे. गाणी, टाळ्या, सगळं तिथं ऐकू जातं.

दुपारी मी मानाचा वाटा घेऊन गेले. डुकराची पाठ, अळूची पानं, मासा. ती त्या उंच खुर्चीवर बसली होती, चांगला झगा घालून, समारंभाला बांधतात तशी कमरेला चटई बांधून. कुठं जायचं नसताना सगळा साज केला होता. मी ताट मांडीवर ठेवलं. तिनं सगळं मांस खाल्लं, हळूहळू, एकेक तुकडा चावून, औषध घ्यावं तसं. अळूची पानं तशीच ठेवली.

"आत्या, मला माफ कर," मी म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

तिनं बोटं पुसली.

"तू मला कमी खा म्हणालीस, मी खाल्लं. दोष काय एकटीचा असतो?" मग थोड्या वेळानं म्हणाली, "पण मी तुला सांगायला आले होते, फीपे. दोनदा आले होते. तू हसलीस."

तिनं ताट मला दिलं आणि लुसेआनेनं कुठला रंग घातलाय ते विचारलं. मी सांगितलं. मैदानावर पुन्हा टाळ्या झाल्या.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. आत्या आता बहात्तर वर्षांची आहे. पडलेली नाही, पाय शाबूत आहेत, साखर आटोक्यात आहे. डॉक्टर पेसेती आले की ती त्यांच्याकडून पकड मोजून घेते. चौदाच्या वर कधी गेली नाही. माझ्याकडून मोजून घेत नाही. दवाखान्यात आता तसं एक यंत्र आहे, आणि पासष्टच्या पुढचं कुणीही खोकल्यासाठी आलं तरी मी आधी ते त्याच्या हातात देते. लोक कंटाळतात. आत्याचा फोटो पावसानं पांढरा पडला, मग कुणीतरी फलकच बदलला.

गेल्या महिन्यात तिनं घरातल्या सगळ्या चटया बाहेर काढल्या. आयुष्यभर मानात मिळालेल्या, चाळीसेक तरी असतील. लुसेआनेला बोलावून बहुतेक तिला दिल्या, काही तोआकासेच्या मुलीला दिल्या. मला एकही नाही. जमिनीवर बसणाऱ्याला लागतात चटया, एवढंच म्हणाली. एक मात्र तिनं ठेवून घेतली, सगळ्यांत जुनी, आणि ती घडी घालून पलंगाखाली सरकवून द्यायला मला सांगितलं, कारण तिला तेवढं वाकता येत नाही.